पहिल्यांदाच व्हिएन्नाला जाताय? व्हिसापासून ट्रॅमपर्यंत सगळं

युरोपची सहल म्हटली की आपल्याकडे आधी पॅरिस, स्वित्झर्लंड, रोम. व्हिएन्ना बहुतेक पॅकेज टूरमध्ये एका रात्रीपुरतं असतं: बसमधून राजवाडा, बसमधून चर्च, संध्याकाळी भारतीय हॉटेलात जेवण आणि सकाळी प्रागकडे रवाना. मला हे फार अन्यायाचं वाटतं. व्हिएन्ना आपलं आपण बघावं, निदान चार दिवस द्यावेत आणि ट्रॅमने फिरावं. परदेशात पहिल्यांदाच स्वतःच्या हिमतीवर फिरणाऱ्यांना, त्यातही आईवडिलांना किंवा लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांना, याहून सोयीची राजधानी मला माहीत नाही. तिकिटाची पद्धत आणि चार-पाच मार्ग नीट समजले की बाकीचं शहर आपोआप उलगडत जातं.

व्हिसा आणि विमान

ऑस्ट्रिया शेंगेनमध्ये आहे, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात. अर्ज करायचा तो ज्या देशात तुमच्या सर्वांत जास्त रात्री जाणार आहेत त्या देशाकडे. रात्री सारख्याच असतील, तर ज्या देशात पहिलं पाऊल टाकणार त्याच्याकडे. ‘अमुक देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते’ म्हणून तिकडे अर्ज टाकायचा आणि राहायचं भलतीकडे, हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. अर्जाला जोडलेलं हॉटेल बुकिंग आणि प्रवासाचा बेत एकमेकांशी जुळतो का, हे तपासलं जातं.

व्हिसा शुल्क जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५ युरो आहे. सहा वर्षांखालच्या मुलांना शुल्क नाही. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचा सेवाआकार वेगळा. प्रवासाआधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच तारीख मिळवा, एप्रिलमध्ये तारखा मिळता मिळत नाहीत. प्रवास विम्यात वैद्यकीय संरक्षण किमान ३०,००० युरोंचं हवं. हॉटेल रद्द करता येण्याजोगं घ्या, म्हणजे काही कमीजास्त झालं तरी पैसे अडकत नाहीत.

मुलगा किंवा मुलगी तिथे नोकरीला असेल आणि तुम्ही त्यांच्याकडे उतरणार असाल, तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. तिथल्या यजमानाला पोलिस खात्याकडे जाऊन तुमच्या खर्चाची हमी नोंदवता येते आणि तिचा क्रमांक तुमच्या अर्जात द्यायचा असतो. दुसरं, तीन दिवसांपेक्षा जास्त मुक्काम खासगी घरी असेल तर पोहोचल्यावर तीन दिवसांच्या आत तिथल्या सरकारी कचेरीत पत्त्याची नोंद करावी लागते. या कागदाला मेल्डेत्सेटेल म्हणतात. हॉटेलात उतरलात तर ही नोंद हॉटेलवालेच करतात.

मुंबईहून बहुधा एकदा विमान बदलावं लागतं. दुबई, दोहा किंवा इस्तंबूलमार्गे गेलात तर इमिग्रेशन व्हिएन्नात होईल. फ्रँकफर्ट, म्युनिक किंवा झुरिकमार्गे गेलात तर ते तिथेच होईल, आणि व्हिएन्नात तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे सरळ बाहेर पडाल. म्हणून युरोपात विमान बदलणार असाल तर मध्ये अडीच-तीन तास तरी ठेवा. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर आपल्यासारख्यांचे बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे पहिल्या वेळी रांगेत जास्त वेळ जातो.

विमानतळावरून शहरात

विमानतळ शहराच्या आग्नेयेला, श्वेखाट या गावात आहे. बाहेर पडताच हिरव्या रंगाच्या ‘कॅट’ गाडीच्या जाहिराती दिसतील. ती वेगाने जाते, आतून चकचकीत आहे आणि तिचं भाडं साध्या गाडीच्या दुपटीहून जास्त आहे. तिच्या नादी लागू नका. त्याच विमानतळाखालून ऑस्ट्रियन रेल्वेची ‘रेलजेट’ सुटते आणि पंधरा-एक मिनिटांत हाउप्टबानहोफ या मुख्य स्थानकात पोहोचवते. तिथे खालीच यू-१ मेट्रो आहे. एस-७ ही लोकलही आहे, पण शहराच्या मधल्या लोकल मार्गावर मोठं नूतनीकरण चालू असल्याने निघायच्या आधी रेल्वेच्या ओबेबे ॲपवर त्या दिवशीची गाडी बघून घ्या. साध्या गाडीचं भाडं पाच युरोंच्या आसपास पडतं. व्हिएन्नाचा दिवसाचा किंवा आठवड्याचा पास आधीच काढला असेल तर फक्त शहराच्या हद्दीबाहेरच्या टप्प्याचं जोडतिकीट घ्यायचं, पूर्ण तिकीट पुन्हा काढायची गरज नाही. मशीनवर आणि ॲपवर तसा पर्याय असतो.

चार मोठ्या बॅगा आणि सोबत आजी-आजोबा असतील तर टॅक्सी खुशाल करा. चाळीस-पन्नास युरो जातील, पण रात्री उशिरा उतरणाऱ्या कुटुंबाला तो खर्च परवडतो.

तिकीट: इथे थांबून नीट वाचा

व्हिएन्नाच्या मेट्रोला फाटकं नाहीत. तिकीट दाखवा, दार उघडा, असा प्रकारच नाही. रस्त्यावरून जिना उतरायचा आणि थेट फलाटावर. आपल्या माणसाला पहिल्यांदा वाटतं, की तिकीट पुढे कुणीतरी तपासेल. तसं कुणी तपासत नाही, आणि घोटाळा होतो तो इथेच.

जिन्याच्या तोंडाशी, कमरेच्या उंचीवर एक छोटी निळी पेटी असते. कागदी तिकीट घेतलं असेल तर बाणाच्या दिशेने त्या फटीत सरकवायचं. ‘टिंग’ असा आवाज होतो आणि तिकिटावर वेळ छापली जाते. त्या क्षणापासून तिकीट लागू होतं. हा शिक्का एकदाच मारायचा, गाडी बदलताना पुन्हा नाही. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे तिकीट नसल्यातच जमा. मशीनवर तिकीट काढताना ‘आत्तापासून लागू’ की ‘नंतर शिक्का मारणार’ असं विचारलं जातं. आत्तापासून निवडलंत तर वेळ आधीच छापून येते. शहराच्या वाहतुकीच्या ‘वीनमोबील’ ॲपवर काढलेल्या तिकिटाला पेटीची गरज नाही, आणि ते थोडं स्वस्तही पडतं.

तपासनीस साध्या कपड्यांत असतात. अचानक डब्यात उभे राहून ओळखपत्र दाखवतात. दंड शंभर युरोंहून जास्त आहे, आणि ‘पर्यटक आहे, माहीत नव्हतं’ हे कारण चालत नाही.

एकेरी तिकीट तीन युरोंच्या आसपास आहे. एका दिशेने जाताना त्यावर मेट्रो, ट्रॅम, बस कितीही बदला, पण मध्येच उतरून तासभर फिरून पुन्हा चढता येत नाही आणि परतीलाही ते चालत नाही. २४ तासांचं तिकीट दहाच्या आसपास आणि आठवड्याचं पंचवीस ते तीसच्या दरम्यान. तीन दिवसांहून जास्त राहणार असाल तर सरळ आठवड्याचं घ्या आणि हिशोब विसरा. सवलतीची पर्यटक कार्डं विकायला खूप असतात. रोज तीन-तीन संग्रहालयं बघणारे तुम्ही नसाल तर त्यांची गरज नाही.

सहा वर्षांखालची मुलं फुकट, त्यापुढे पंधरापर्यंत अर्धं तिकीट. रविवारी, सार्वजनिक सुट्टीला आणि व्हिएन्नातल्या शाळांच्या सुट्टीत पंधरापर्यंतची मुलंही फुकट प्रवास करतात. जुलै-ऑगस्ट त्यातच येतो. मुलाच्या वयाचा पुरावा जवळ ठेवा.

हे सगळं इतकं स्वस्त आणि सुटसुटीत आहे यामागे शहराने ठरवून घेतलेला निर्णय आहे. २०१२ मध्ये वार्षिक पास ३६५ युरोंवर आणला, म्हणजे दिवसाला एक युरो, आणि तो दर कितीतरी वर्षं तसाच ठेवला. त्यामुळे ट्रॅममध्ये वकीलही दिसतात आणि शाळकरी पोरंही. इथे सार्वजनिक वाहनाने फिरणं ही गरिबाची तडजोड समजत नाहीत.

पत्ता वाचायला शिका

शहरात २३ विभाग आहेत आणि पिनकोडचे मधले दोन आकडे म्हणजे विभागाचा क्रमांक. १०१० म्हणजे पहिला विभाग, अगदी मध्यभाग. १०७० म्हणजे सातवा, ११०० म्हणजे दहावा. रस्त्यांच्या पाट्यांवरही नावाआधी हाच आकडा असतो. हॉटेल शोधताना एवढं कळलं तरी निम्मं काम झालं. माझी पसंती तिसऱ्या, चौथ्या आणि सातव्या विभागाला: मध्यभाग जवळ, भाडी पहिल्या विभागापेक्षा कमी आणि कोपऱ्यावर ट्रॅम. मुख्य स्थानकाजवळची हॉटेलंही सोयीची, विशेषतः पुढे रेल्वेने जाणार असाल तर. मेट्रो किंवा ट्रॅमपासून पाच मिनिटांत चालत पोहोचता येईल असंच हॉटेल बघा. या एका बाबतीत तडजोड नको.

आणखी एक गैरसमज. मध्यभागाला, श्वेडनप्लात्स या चौकाला लागून जे पाणी दिसतं ते डॅन्यूब नव्हे, तो डॅन्यूबचा कालवा. खरी नदी बघायची तर यू-१ ने पुढे ‘डोनाउइन्सेल’ या स्थानकावर उतरा.

पहिला दिवस: रिंगची फेरी

विमानाचा शीण असतो, झोप झालेली नसते. अशा वेळी राजवाड्याचं तिकीट काढू नका, ट्रॅममध्ये बसा. मध्यभागाभोवती ‘रिंगश्ट्रासं’ हा रुंद गोल रस्ता आहे. इथे पूर्वी शहराची तटबंदी होती. सम्राट फ्रान्झ योझेफने १८५७ च्या डिसेंबरात ती पाडायचा हुकूम काढला आणि १ मे १८६५ रोजी रस्त्याचं उद्घाटन झालं. तटाच्या जागेवर मग एकेक करून ऑपेरा, संसद, महापालिका, विद्यापीठ आणि संग्रहालयं उभी राहिली.

एकच ट्रॅम आता पूर्ण फेरी मारत नाही, म्हणून असं करा. श्वेडनप्लात्सला १ क्रमांकाच्या ट्रॅममध्ये चढा, ऑपेराच्या दिशेची बघून, आणि उजवीकडची खिडकी धरा. विद्यापीठ, मग टोकदार मनोऱ्यांची महापालिका, मग ग्रीक देवळासारखी संसद आणि त्यानंतर समोरासमोर उभी दोन जुळी संग्रहालयं, सगळं उजवीकडे. राजवाड्याचं आवार डावीकडे. ऑपेराला उतरा. तिथून २ क्रमांकाची ट्रॅम श्वेडनप्लात्सच्या दिशेने घ्या, की उरलेला भाग होतो. वाटेत श्टाटपार्क लागतं, संगीतकार योहान श्ट्राउसचा सोनेरी पुतळा त्याच बागेत आहे. एका पासात, बसल्या जागी, तासाभरात शहराचा नकाशा डोक्यात बसतो. याच फेरीसाठी टूर बसवाले तीस-चाळीस युरो घेतात.

ट्रॅमचं दार आपोआप उघडत नाही, बटण दाबायचं. मेट्रोच्या जुन्या डब्यांना दांडा असतो, तो जोर लावून बाजूला ओढायचा. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू चालणाऱ्यांची. मेट्रोत खायला २०१९ पासून बंदी आहे, तेव्हा चिवड्याची पिशवी बागेत उघडा. आवाजही जरा खाली ठेवा. फोनवर स्पीकर लावून बोलणाऱ्याकडे सगळा डबा बघतो. लाल रंगाची पट्टी सायकलवाल्यांची असते, तिच्यावर चालू नका, ते वेगाने येतात. मेट्रो मध्यरात्रीनंतर बंद होते, फक्त शुक्रवार-शनिवारच्या रात्री आणि सुट्टीच्या आदल्या रात्री चालू असते. इतर दिवशी ‘एन’ अक्षराच्या रात्रबस आहेत.

पासपोर्ट हरवण्यासारखं काही झालं तर आपला दूतावास ऑपेराजवळच, केर्न्टनर रिंग २ इथे आहे. आणीबाणीचा फोन ११२.

पाणी विकत घेऊ नका

हे मी मुद्दाम वेगळं लिहितेय, कारण आपली मंडळी परदेशात नळाचं पाणी बघून बिचकतात आणि दिवसाला दहा युरो बाटल्यांवर घालवतात. व्हिएन्नाच्या नळाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं. राक्स आणि श्नेबेर्ग डोंगरांतून आणलेली पहिली जलवाहिनी १८७३ मध्ये सुरू झाली, दुसरी १९१० मध्ये. पाणी उतारानेच शहरापर्यंत येतं, वाटेत पंप लागत नाहीत. २ क्रमांकाच्या ट्रॅममधून श्वार्त्सेनबेर्गप्लात्स चौकात एक उंच कारंजं दिसतं, ते त्या पहिल्या जलवाहिनीच्या उद्घाटनाचंच. हॉटेलच्या न्हाणीघरातल्या नळाखाली बाटली भरा आणि निघा. रस्त्यांवर आणि बागांत पिण्याच्या पाण्याचे नळ जागोजागी आहेत. रेस्टॉरंटमध्ये नळाचं पाणी हवं असेल तर ‘लाइटुंग्सवासर’ म्हणून मागा. कॉफीहाउसमध्ये तर कॉफीबरोबर पाण्याचा पेला आपसूक येतो, आणि एका ‘मेलांज’वर, म्हणजे दुधाच्या कॉफीवर, दोन तास बसलात तरी कुणी उठवत नाही.

शाकाहाऱ्यांनी सावध राहायच्या जागा

साध्या दिसणाऱ्या सुपाचा आधार बहुधा गोमांसाचा रस्सा असतो. ‘फ्रिटाटनझुपं’ मध्ये वर फक्त घावनाच्या पट्ट्या दिसतात, पण खालचं पाणी त्याच रश्शाचं. ‘केझंक्राइनर’ या नावात चीज आहे म्हणून फसू नका, ती डुकराच्या मांसाची सॉसेज असते. अंडं चालत असेल तर ‘केझश्पेत्सलं’ (चीज घातलेले पिठाचे छोटे गोळे) आणि गोडात ‘कायझरश्मारन’ (जाड गोड घावनाचे तुकडे) पोटभरीचे आहेत. सफरचंदाचं सारण भरलेला ॲपलश्ट्रूडल बहुतेकांना आवडतोच. नाशमार्क्ट या खुल्या बाजारात फलाफल, हुमूस, भाज्यांचे प्रकार भरपूर मिळतात. तिथले विक्रेते हाका मारून चव द्यायला बघतात. घेतलीच तर किंमत किलोची आहे की शंभर ग्रॅमची, ते आधी विचारा.

रविवारी दुकानं बंद, सुपरमार्केटसुद्धा. शनिवारीही संध्याकाळी सहाला शटर ओढतात. ही गोष्ट आधी माहीत नसेल तर रविवारी सकाळी मुलांच्या दुधापासून खोळंबा होतो. शनिवारी दुपारीच खरेदी करा, किंवा मोठ्या स्थानकांमधल्या दुकानांत जा, ती रविवारीही उघडी असतात.

थोडी रोकड जवळ असू द्या. स्वच्छतागृहाला पन्नास सेंट लागतात, आणि छोट्या खानावळींत कार्ड चालेलच असं नाही. एटीएम बँकेच्या इमारतीतलं वापरा. मशीनने ‘रुपयांत हिशोब करू का’ विचारलं तर नाही म्हणा, युरोच निवडा.

उरलेल्या दिवसांत काय बघावं

श्योनब्रुन राजवाडा बघाच, यू-४ त्याच नावाच्या स्थानकावर नेते. आतल्या दालनांचं तिकीट ठरावीक वेळेचं असतं, ते घरूनच ऑनलाइन काढा, नाहीतर तीन तासांनंतरची वेळ पदरी पडते. बाग मात्र फुकट आहे. टेकडीवरच्या ग्लोरिएट या कमानींच्या वास्तूपर्यंत चढून गेलात की राजवाड्याच्या छपरामागे सगळं शहर पसरलेलं दिसतं. चित्रांची आवड असेल तर कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयाला अर्धा दिवस द्या, निव्वळ ब्रॉयगेलच्या दालनासाठीसुद्धा. क्लिम्टचं ‘चुंबन’ बेल्व्हेदेर राजवाड्यात आहे, तिथे डी ट्रॅम जाते. श्टेफान्सप्लात्स या मध्यवर्ती चौकाच्या आसपास मोझार्टसारखा टोप आणि लाल कोट घातलेली मुलं कार्यक्रमांची तिकिटं विकतात. त्यांच्याकडून घेऊ नका.

खरं संगीत ऐकायचं तर राज्य ऑपेरात उभ्याने ऐका. उभ्या जागांची तिकिटं त्याच दिवशी सकाळी दहापासून ऑनलाइन आणि खिडकीवर मिळतात, वीस युरोंच्या आत. ज्या सभागृहात खुर्चीला दोनशे युरो मोजतात, त्याच सभागृहात. आत गेलात की आपल्या जागेच्या कठड्याला रुमाल किंवा ओढणी बांधा. ती जागा तुमची झाली, आता पाणी पिऊन या, कुणी हलवणार नाही. मी हे प्रत्येकाला सांगते, कारण अनोळखी गर्दीत गाठ मारलेल्या एका कापडाचा एवढा मान राखला जाताना बघणं हाही त्या संध्याकाळचा भाग आहे. समोर छोट्या पडद्यावर संवादांचं इंग्रजी भाषांतर येतं. जाड कोट बाहेर जमा करावा लागतो. उभं राहणं झेपलं नाही तर मध्यंतरात निघा, काही बिघडत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ऑपेरा बंद असते.

संगीतकारांना भेटायचं तर ७१ क्रमांकाची ट्रॅम मध्यवर्ती दफनभूमीला नेते. दुसऱ्या दाराला उतरा. बेटहोफन, शूबर्ट, ब्राम्स आणि श्ट्राउस जवळजवळ आहेत. मोझार्टचं तिथे फक्त स्मारक आहे.

एक संध्याकाळ डोंगरासाठी राखून ठेवा. यू-४ ने शेवटच्या हायलिगेनश्टाट स्थानकापर्यंत जा आणि ३८ए बसने काहलेनबेर्गवर. शहराच्याच तिकिटात ४८४ मीटर उंचीवर पोहोचता. उतरताना पाय धड असतील तर द्राक्षमळ्यांतून चालत नुसडोर्फला या आणि तिथून डी ट्रॅमने परत. वाटेत ‘हॉइरिगर’ लागतात, मळेवाल्यांची स्वतःची वाइन विकणारी अंगणं. १७८४ मध्ये सम्राट योझेफ दुसरा याने मळेवाल्यांना ही परवानगी दिली. दारावर हिरवी फांदी टांगलेली असेल तर अंगण उघडं आहे असं समजा. दारू घेत नसाल तर द्राक्षांचा रस मागा. संध्याकाळी वारा बोचरा असतो, मे महिन्यातही स्वेटर न्या.

परतताना

एका दुकानात एका बिलावर ७५ युरोंहून जास्त खरेदी केली असेल तर कराचा काही भाग परत मिळतो. दुकानातच पासपोर्ट दाखवून फॉर्म भरून घ्या. वस्तू मोठ्या बॅगेत असतील तर विमानतळावर चेक-इन काउंटरला तसं सांगा, टॅग लावल्यावर बॅग आधी कस्टमकडे न्यायची असते. शिक्का मिळाल्यावरच ती पुढे जाते. वस्तू हातातल्या बॅगेत असतील आणि फ्रँकफर्टमार्गे परतत असाल, तर शिक्का तिथे मिळेल. या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून विमानाच्या तीन तास आधी पोहोचा, आणि हॉटेलातून निघताना विमानतळाच्या टप्प्याचं जोडतिकीट काढायला विसरू नका. आठवड्याचा पास खिशात असल्याने अनेकांना ते लक्षात राहत नाही आणि तपासनीस नेमका विमानतळाच्या गाडीत भेटतो.